वाचकांचे प्रश्न : नेमून दिल्यापेक्षा जास्त कापूस पिकवला तर दंड?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. गेल्या हंगामातील खरेदीच्या गोंधळानंतर 'सरकार आता कापूस किती पिकवायचा तेही ठरवणार का' अशी चर्चा गावोगावी झाली आणि त्या चर्चेत अमेरिकेचे उदाहरण कोणीतरी दिले, असे पत्रांवरून दिसते. म्हणून ती पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : अमेरिकेत एके काळी ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला सरकार दंड करीत असे, असे आमच्या गावातील निवृत्त शिक्षक सांगतात. पाऊस चांगला झाला आणि बोंडे जास्त लागली, तर त्यात शेतकऱ्याचा गुन्हा काय? हे खरे आहे का, आणि खरे असल्यास दंड नेमका कसा वसूल होत असे? (एक वाचक, हिंगणघाट)

आपल्या शिक्षकांचे म्हणणे खरे आहे. मात्र त्यात दोन वेगवेगळ्या कायद्यांची सरमिसळ झालेली असावी, आणि आपण विचारलेल्या 'पाऊस चांगला झाला तर' या शंकेचे उत्तर त्या दोन कायद्यांत वेगवेगळे आहे.

पार्श्वभूमी अशी. १९२९ मध्ये अमेरिकी शेतकऱ्याला रुईच्या (सरकी काढलेल्या कापसाच्या) एका पौंडाला १६-१७ सेंट मिळत होते. १९३१ मध्ये तिथे सुमारे १ कोटी ७० लाख गाठींचे पीक आले, जगभर मंदी होती, आणि भाव ६ सेंटांच्याही खाली गेला. १९३३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या नव्या सरकारचा शेतीविषयक कायदा झाला तेव्हा पेरणी होऊन गेली होती. म्हणून त्या वर्षी सरकारने पैसे देऊन सुमारे १ कोटी एकरांवरील उभे पीक नांगरून टाकायला लावले. ओळीवर पाय द्यायचा नाही असे शिकवलेली खेचरे उभ्या कपाशीवरून नांगर ओढायला तयार होईनात, अशी आठवण त्या भागात अजूनही सांगितली जाते. ही योजना ऐच्छिक होती. जो सामील झाला नाही त्याला दंड नव्हता, आणि नेमकी तीच तिची अडचण ठरली, कारण शेजाऱ्याने क्षेत्र कमी केल्यामुळे भाव वाढला तर त्याचा सर्वांत जास्त लाभ क्षेत्र कमी न करणाऱ्याला मिळणार होता.

त्यावर उपाय म्हणून एप्रिल १९३४ मध्ये बँकहेड कापूस नियंत्रण कायदा झाला. अलाबामाचे सिनेटर जॉन बँकहेड आणि प्रतिनिधीगृहातील त्यांचे बंधू विल्यम बँकहेड यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्या हंगामासाठी संपूर्ण देशाला १ कोटी गाठींची मर्यादा घालण्यात आली, तिची राज्यांत, मग काउंट्यांत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत) आणि शेवटी एकेका शेतात वाटणी झाली, आणि प्रत्येक शेताला त्याच्या वाट्याइतक्या पौंडांची करमाफीची प्रमाणपत्रे मिळाली. त्या वाट्यापलीकडच्या रुईवर बाजारभावाच्या निम्मा, आणि काहीही झाले तरी पौंडाला ५ सेंटांपेक्षा कमी नाही, असा कर बसला.

आता वसुलीची पद्धत. आपल्याकडे शेतकरी सरकीसह कापूस विकतो आणि जिनिंग, म्हणजे सरकी वेगळी करणे, हा व्यापाऱ्याचा मामला असतो. अमेरिकेतील शेतकरी मात्र जिनमध्ये स्वतःच्या कापसाची सरकी काढून घेतो आणि बांधलेली गाठ स्वतःच्या नावावर विकतो. त्यामुळे सरकारला शेताशेतात माणूस उभा करण्याची गरज नव्हती. प्रत्येक गाठ कुठल्या ना कुठल्या जिनच्या दारातून बाहेर पडणारच होती, आणि त्या दारातच तिला धातूची खूणपट्टी लावली जाई. माफीचे प्रमाणपत्र दाखवले किंवा कर भरला, तरच पट्टी मिळे. पट्टी नसलेली गाठ विकता येत नसे आणि काउंटीबाहेर नेताही येत नसे. अशा गाठी रेल्वेने नाकारल्या म्हणून टेक्सासमधील एक उत्पादक थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, पण कायदा वैध की अवैध या मुद्द्याला हात न लावताच न्यायालयाने तो दावा निकाली काढला.

हिशेब करून पाहू. १९३४ मध्ये भाव १२ सेंटांच्या आसपास होता. म्हणजे ५०० पौंडांची एक गाठ ढोबळमानाने ६० डॉलरची, आणि तीच गाठ वाट्यापलीकडची असेल तर तिच्यावर ३० डॉलर कर. वेचणी, जिनिंग आणि बांधणी यांचा खर्च वजा केल्यावर उरलेल्या पैशांत फार काही राहत नसे. (आपली गाठ १७० किलोंची असते, त्यांची २२० किलोंच्या जवळपास, तुलना करताना हे लक्षात ठेवावे.)

तेव्हा आपल्या शंकेचे पहिले उत्तर असे की, १९३४ च्या कायद्यात वाटा पौंडांत ठरलेला होता, आणि म्हणून चांगला पाऊस झालेल्या शेतकऱ्यावर खरोखरच कराची पाळी येऊ शकत होती. ती यावी असा कायदा करणाऱ्यांचाही हेतू नसावा, कारण प्रमाणपत्रे हस्तांतरित करण्याची सोय त्यांनी ठेवली होती. त्या वर्षी टेक्सास आणि ओक्लाहोमा येथे दुष्काळ पडला, तिथल्या शेतकऱ्यांकडे प्रमाणपत्रे उरली आणि पूर्वेकडच्या राज्यांत कापूस उरला. तेव्हा शिल्लक प्रमाणपत्रे एकत्र करून पौंडाला ४ सेंट दराने विकण्यात आली. ज्याला जास्त पिकले त्याने निम्म्या किमतीचा कर भरण्याऐवजी दुष्काळग्रस्त शेतकऱ्याचा न वापरलेला हक्क विकत घेतला. मला या संपूर्ण कायद्यात हीच तरतूद सर्वांत शहाणपणाची वाटते.

दुसरा कायदा १९३८ चा. त्याच्या आदल्या वर्षी कोणताही सक्तीचा निर्बंध नव्हता आणि १ कोटी ८९ लाख गाठींचे विक्रमी पीक आले होते. नव्या कायद्याने वाटा पौंडांऐवजी एकरांत दिला. नेमून दिलेल्या क्षेत्रावर जे काही पिकेल ते सगळे विनादंड विकता येई. दंड होता तो जास्त क्षेत्र पेरणाऱ्याला, पहिल्या हंगामात पौंडाला २ सेंट आणि पुढे ३ सेंट. तो खरेदीदाराने किमतीतून कापून सरकारजमा करायचा होता. १९४९ च्या दुरुस्तीनंतर मात्र हा दर 'समता भावा'च्या निम्मा झाला. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या काळात कापसाची जी क्रयशक्ती होती तीच पुन्हा मिळवून देणारा भाव म्हणजे समता भाव, आणि तो बाजारभावापेक्षा बहुधा वरच असे. त्यामुळे जादा पेरणे हा सरळसरळ आतबट्ट्याचा व्यवहार झाला.

अर्थात, दोन्ही कायद्यांत जास्त पिकवणे हा फौजदारी गुन्हा नव्हता. खोटी प्रमाणपत्रे बनवणाऱ्याला मात्र शिक्षेची भीती होती.

प्रश्न : मी विधी शाखेची विद्यार्थिनी आहे. स्वतःच्या जमिनीत काय आणि किती पिकवावे हे ठरवण्याचा अधिकार सरकारला असल्याचे अमेरिकी न्यायालयांनी मान्य कसे केले? फिलबर्न खटला कापसाचाच होता ना? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

नाही. फिलबर्न खटला गव्हाचा होता, आणि ही चूक इंग्रजी लेखांतही आढळते. ओहायो राज्यातील रोस्को फिलबर्न यांना ११.१ एकर गहू नेमून दिला होता. त्यांनी २३ एकर पेरला, आणि जादा क्षेत्रातील २३९ बुशेल (धान्य मोजण्याचे तिथले माप) गव्हावर बुशेलला ४९ सेंट दराने ११७ डॉलर ११ सेंट दंड लागला. आपण हा गहू घरी, कोंबड्यांना आणि गुरांना वापरणार होतो, बाजारात नेणारच नव्हतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा. १९४२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फेटाळला. घरचा गहू खाणारा शेतकरी बाजारातून तेवढा गहू घेत नाही, आणि असे असंख्य शेतकरी एकत्र धरले तर आंतरराज्य व्यापारावर परिणाम होतोच, असा न्या. रॉबर्ट जॅक्सन यांच्या निकालाचा आशय आहे. कापसात असा प्रश्न उद्भवणे अवघड होते, कारण रुई कोणी घरी खात नाही.

कापसाशी जवळचा संबंध असलेला खटला १९३६ चा, युनायटेड स्टेट्स विरुद्ध बटलर. तो मॅसॅच्युसेट्समधील एका कापड गिरणीच्या कराबाबत होता. उत्पादन घटवणाऱ्यांना द्यायचा पैसा ज्या प्रक्रिया-करातून उभा राहत होता तो करच न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी घटनाबाह्य ठरवला. शेतीचे नियमन हा राज्यांचा विषय आहे आणि कराच्या आडून संघराज्याने त्यात शिरू नये, असे न्या. ओवेन रॉबर्ट्स यांनी लिहिले. बँकहेड कायदा त्या खटल्यात नव्हता, पण त्याचा पायाही करच होता. तो कोसळण्याची वाट न पाहता पुढच्याच महिन्यात अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) तो मागे घेतला.

१९३८ च्या कायद्यात 'कर' हा शब्द जाऊन 'दंड' का आला, याचे उत्तर इथे आहे. नव्या कायद्याने करविषयक अधिकाराचा आधार सोडला आणि आंतरराज्य व्यापाराच्या नियमनाचा धरला. १९३९ मध्ये मलफर्ड विरुद्ध स्मिथ या तंबाखूच्या खटल्यात हा बदल न्यायालयाने स्वीकारला. कायदा पिकवण्यास मनाई करीत नाही, माल विक्रीच्या जागी पोहोचल्यावर त्याचे नियमन करतो, असा युक्तिवाद मान्य झाला, आणि गंमत अशी की हा निकालही न्या. रॉबर्ट्स यांनीच लिहिला. विद्यार्थिनी म्हणून आपण दोन्ही निकाल शेजारी ठेवून जरूर वाचावेत.

आणखी एक गोष्ट न्यायालयाबाहेरची आहे. १९३८ च्या कायद्यानुसार मतदान करणाऱ्या उत्पादकांपैकी दोन तृतीयांशांनी होकार दिला तरच त्या वर्षाचा कोटा लागू होई, आणि मार्च १९३८ च्या पहिल्या मतदानात कापूस उत्पादकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी होकार दिला. दंड शेतकऱ्यांवर 'लादला' असे सरसकट म्हणताना हे विसरता येत नाही. त्याचबरोबर, नकार दिला तर सरकारी तारणकर्ज मिळणार नाही, हेही मतदाराला माहीत होते.

प्रश्न : आमची स्वतःची जमीन नाही, आम्ही बटाईने कपाशी करतो. अशा कायद्यात बटाईदाराचे काय होत असे? (एक वाचक, माजलगाव)

सर्वांत जास्त नुकसान त्याचेच झाले. कोटा शेताला मिळे, माणसाला नव्हे. कापूस पट्ट्यात निम्म्याहून अधिक शेते कुळांच्या किंवा बटाईदारांच्या हाती होती, त्यांत काळे आणि गोरे दोन्ही होते. पण काउंटी समित्यांवर बहुतेक जमीनमालक किंवा मोठे शेतकरी बसत आणि प्रमाणपत्रेही व्यवहारात मालकाच्याच हाती राहत. ४० टक्के क्षेत्र कमी करायचे असले, की मालकाला तितक्या बटाईदारांची गरज उरत नसे. आर्कान्सामध्ये मालकांनी माणसे काढायला सुरुवात केली आणि जुलै १९३४ मध्ये टायरोन्झा या गावी काळ्या-गोऱ्या बटाईदारांनी मिळून सदर्न टेनंट फार्मर्स युनियन स्थापन केली. त्या काळच्या दक्षिणेत दोन्ही वर्णांचे लोक एका संघटनेत बसणे ही साधी गोष्ट नव्हती.

क्षेत्र कमी करण्यासाठी मालक सरकारशी जो करार करीत, त्यात कुळांची संख्या कायम ठेवण्याविषयी एक कलम होते. त्याचा अर्थ 'तीच माणसे ठेवावीत' असा घ्यावा, असे मत कृषी खात्याच्या योजनेतील कायदेशीर विभागाचे प्रमुख जेरोम फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले, आणि फेब्रुवारी १९३५ मध्ये त्यांनाच नोकरीवरून दूर करण्यात आले. आपल्या प्रश्नाचे उत्तर या एका घटनेत आहे, असे मला वाटते. दंडाची रक्कम गाठीवर लिहिलेली असते, परंतु तिचा भार उचलायचा कोणी, हे ज्याच्या नावावर कागद आहे तो ठरवतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बटाईदाराला अनुदान आणि पीकविमा मिळताना जे होते, त्याहून हे वेगळे नाही.

प्रश्न : इतका कडक दंड असूनही उत्पादन आटोक्यात आले का? आणि आज अमेरिकेत ही पद्धत आहे का? (एक वाचक, डॅलस, टेक्सास)

आज नाही. १९७० च्या कृषी कायद्यानंतर कापसावरील विक्री-कोटा आणि त्याचा दंड संपला.

उत्पादनाबाबत मात्र थोडे विस्ताराने लिहायला हवे. एकर मोजून वाटा दिला, की शेतकरी त्या एकरातून जास्तीत जास्त काढणार, हे कोणाही कपाशीवाल्याला न सांगता कळेल. उत्तम जमीन कपाशीला ठेवली गेली, हलकी जमीन 'कमी केलेले क्षेत्र' म्हणून दाखवली गेली, खत वाढले, पश्चिमेकडे ओलित वाढले. १९३० च्या सुमारास एकरी २०० पौंडांच्या आत असलेली रुई १९६५ मध्ये ५०० पौंडांच्या वर गेली होती. दंड एकरांवर होता, गोदामे भरत होती ती पौंडांनी.

त्यातली एक युक्ती आपल्याकडच्या जोडओळ पद्धतीसारखी होती. दोन ओळी कपाशीच्या आणि दोन ओळी रिकाम्या, अशी लागवड केली तर रिकामे पट्टे क्षेत्रात मोजायचे नाहीत, असा नियम काही काळ होता. कडेच्या ओळीला ऊन आणि ओल दोन्ही जास्त मिळते, त्यामुळे मोजलेल्या एकरामागचे उत्पन्न वाढे. मोजणीचे नियम बदलले, की शेतकरी ओळींचा हिशेब बदलत. हवाई छायाचित्रांवरून क्षेत्र मोजण्याची व्यवस्था उभी राहिली तीही याच काळात. जादा क्षेत्र निघाले, तर तेवढे पीक वेळेत मोडून टाकून दंड टाळण्याची मुभा असे.

आपण टेक्सासमध्ये राहता, तेव्हा बिली सोल एस्टेस हे नाव कानावर आले असेल. सरकारी प्रकल्पात जमीन गेलेल्या शेतकऱ्याला आपला कापसाचा वाटा दुसऱ्या जमिनीवर नेता येत असे. त्या सवलतीचा वापर करून एस्टेस यांनी इतरांचे वाटे कागदोपत्री व्यवहारांतून पेकोस भागातील आपल्या जमिनीकडे वळवले, आणि १९६२ मध्ये त्याचा मोठा राजकीय गवगवा झाला. जमिनीपेक्षा जमिनीवर पिकवण्याचा परवाना अधिक मोलाचा झाला, की असे दलाल उभे राहतातच.

आणि बाहेरच्या जगाचे काय? अमेरिकेने पीक कमी करून भाव वर धरला, त्याचा फायदा घेऊन १९३० च्या दशकात ब्राझीलमधील साओ पावलो प्रांताने कपाशी झपाट्याने वाढवली. दंड अमेरिकेतील शेतकऱ्याला, आणि मोकळी झालेली गिऱ्हाइके दुसऱ्याला.

प्रश्न : सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर सातबाऱ्यावरील क्षेत्रानुसार एकरी ठरावीक क्विंटलच कापूस घेतात, उरलेला परत नेण्यास सांगतात. हा एक प्रकारचा कोटा आणि दंडच नाही का? भारतात सरकार असा कोटा लावू शकते का? (एक वाचक, वणी, जि. यवतमाळ)

आपला राग समजण्यासारखा आहे, पण कायद्याच्या दृष्टीने या दोन गोष्टी भिन्न आहेत. केंद्रावरची मर्यादा हमीभावाने होणाऱ्या खरेदीची आहे. व्यापाऱ्याने स्वस्तात घेतलेला कापूस शेतकऱ्याच्या नावावर केंद्रावर येऊ नये, हा तिचा सांगितला जाणारा हेतू. मर्यादेपलीकडचा कापूस आपण खुल्या बाजारात विकू शकता आणि त्यावर सरकार काहीही वसूल करीत नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. बाजारात त्याहून जितके कमी मिळाले तितका फटका मात्र आपल्यालाच बसतो. ज्या शेतात ओलितावर सरासरीपेक्षा खूप जास्त उतारा येतो, तिथे ही मर्यादा चांगल्या शेतकऱ्याला जाचते, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याला दंड म्हणता येणार नाही, पण १९३४ च्या पौंडांतल्या वाट्याची आठवण त्यातून येते खरी.

महाराष्ट्राच्या इतिहासात कापसावर बंधने होती, पण ती पिकवण्यापेक्षा विकण्यावर. १९७२ पासून सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत शेतकऱ्याने आपला कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा होता आणि राज्याबाहेर नेण्यास बंदी होती. शेजारी भाव चढा असला, की आदिलाबादच्या किंवा मध्य प्रदेशाच्या सीमेकडे रात्री गाड्या निघत, आणि पकडलेला माल जप्त होई. त्या सीमाबंदीविरुद्ध शेतकरी संघटनेने केलेली आंदोलने आपल्या भागातील जुन्या माणसांना आठवत असतील. त्याही आधी, दुसऱ्या महायुद्धातील धान्यटंचाईत, मुंबई प्रांताने १९४४ मध्ये कायदा करून जमिनीचा काही भाग अन्नधान्याखाली ठेवणे सक्तीचे केले होते. अप्रत्यक्षपणे तो कपाशीच्या क्षेत्रावरचाच निर्बंध होता.

राज्यघटनेनुसार शेती हा राज्यांच्या सूचीतील विषय आहे, त्यामुळे केंद्राला कापसाच्या पेरणीवर थेट मर्यादा घालणे सोपे नाही. तरीही देशात एका पिकाला अमेरिकी धर्तीचा कोटा आज लागू आहे, आणि ते पीक म्हणजे सिगारेटचा व्हर्जिनिया तंबाखू. तंबाखू उद्योगावर संघराज्याचे नियंत्रण जाहीर करणाऱ्या १९७५ च्या कायद्याखाली तंबाखू मंडळ आंध्र प्रदेश आणि कर्नाटकातील नोंदणीकृत उत्पादकाला दर हंगामाला किती किलो पिकवायचे ते ठरवून देते. विक्री मंडळाच्या लिलाव केंद्रावरच होते, म्हणजे अमेरिकेतील जिनचे दार इथे लिलावाच्या ओट्यावर आले. जादा मालावर दंडात्मक आकार घेण्याची तरतूद आहे. पण चक्रीवादळाने काहींचे पीक गेले किंवा जागतिक बाजारात मागणी वाढली, की शेतकरी आणि लोकप्रतिनिधी दिल्लीला जातात आणि जादा तंबाखू दंडाशिवाय विकण्याची परवानगी आणतात; अलीकडच्या वर्षांत असे एकापेक्षा जास्त वेळा झाले आहे.

कापसाबाबत असा प्रस्ताव केंद्र किंवा राज्य सरकारने मांडल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आपल्या केंद्रावर मर्यादेवरून कापूस परत पाठवला गेला असेल, तर बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी अर्ज द्यावा, सोबत पीकपाहणीची नोंद आणि त्या दिवसाची काटापट्टी जोडावी, आणि ओलिताच्या क्षेत्राची नोंद सातबाऱ्यावर कोरडवाहू अशी तर राहिलेली नाही ना, हे आधी तलाठ्याकडे तपासून घ्यावे.